दिंडीची चाल : म्हातारपणीचा व्यायाम एकट्याने का टिकत नाही?



"डॉक्टर, आयुष्यभर शेतात राबलो. आता या वयात कसला व्यायाम?" साठी-सत्तरी ओलांडलेले रुग्ण असे म्हणतात, तेव्हा त्यांचे निम्मे म्हणणे अगदी खरे असते. कासू, नागोठणे, पेण या पट्ट्यातल्या त्या पिढीने भरपूर कष्ट केले आहेत. राब भाजायचा, चिखलणी करायची, भर पावसात कमरेत वाकून लावणी, मग कापणी आणि झोडणी. बायकांच्या वाट्याला याशिवाय विहिरीचे पाणी, जाते आणि मुसळ. त्यांना वेगळ्या व्यायामाची गरजच नव्हती.

उरलेले निम्मे म्हणणे मात्र धोक्याचे आहे. आता दळण गिरणीत जाते, चिखलणी यंत्राने होते, मुले कारखान्यात किंवा मुंबईला. आजी-आजोबा ओटीवर बसून असतात. आणि शरीर जुन्या कष्टांची शिल्लक जमा करून ठेवत नाही.

स्नायू विसरतात, पण पुन्हा शिकतातही

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू कमी झाले की रक्तातली साखर वापरणारे मोठे गिऱ्हाईकच कमी होते, म्हणून मधुमेह आवरत नाही. मांड्या दुबळ्या झाल्या की तोल जातो. एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत स्वतः परसात जाणारा माणूस अंथरुणाला खिळतो.

१९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. दोघांनी चालतानाची काठी सोडली. पण व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत सुमारे एकतृतीयांश ताकद गेली. म्हणजे सुरुवात करायला उशीर कधीच होत नाही. खरा प्रश्न सातत्याचा आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते.

तालीम होती, पण तरुणांची

महाराष्ट्रात संघटित व्यायामाची परंपरा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम गाजत होती. जोतीराव फुले तिथेच शिकले. अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, पुण्यात १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ. या सगळ्यांचा मुख्य हेतू बलदंड तरुण घडवण्याचा होता. म्हातारी माणसे आणि शेतात राबणाऱ्या बायका त्या चित्रात फारशा नव्हत्या.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मात्र थोडे वेगळे. १८६८ साली जन्मलेल्या या राजाने संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि स्वतः उतारवयातही ते नेमाने घातले. पण राजाला नेम पाळणे जमते. सामान्य म्हाताऱ्या माणसाला नेम पाळायला सोबत लागते.

ती सोबत आपल्याकडे दिंडीने दिली. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या पालखीला शिस्तबद्ध रूप दिले. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट सत्तरीच्या आजी डोक्यावर तुळस घेऊन चालतात. डॉक्टर म्हणून मी तिच्याकडे पाहतो तेव्हा मला एक उत्तम आखलेला कार्यक्रम दिसतो. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले. कोण आले, कोण मागे राहिले, हे पाहणारी माणसे असतात. टाळ-मृदंगाची लय पावलांना चालवते. आणि तिथे कुणी 'व्यायाम' करायला आलेले नसते!

आपल्याकडच्या गौरीच्या फेरात, फुगडीत आणि भजनातही हेच आहे. हालचाल असते, पण ती आपल्या माणसांत आणि आपल्या जागेत.

सातासमुद्रापलीकडचा धडा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वृद्धांची गोष्ट इथे उपयोगी पडते. त्यांच्या तरुणपणी अनेक ठिकाणी बागा आणि पोहण्याचे तलाव त्यांना बंद होते. डॉक्टरांवरचा विश्वासही उडाला होता, आणि त्याला कारण होते. टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ या काळात शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश सरकारी आरोग्य खात्याने मुद्दाम उपचाराविना ठेवला. अशा लोकांना "रोज चाला" असे पत्रक देऊन काय होणार?

म्हणून तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांच्या जागा गाठल्या: चर्च आणि केशकर्तनालये. लॉस एंजेलिस भागातल्या ५२ केशकर्तनालयांत औषधतज्ज्ञांनी रक्तदाबावर उपचार केले. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले: वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला, तुलनेच्या गटात साधारण ९ अंकांनी. चालण्यासाठीही तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी २०१० पासून 'गर्लट्रेक' नावाची चळवळ उभी केली आहे. माणूस आपल्या माणसांच्या सांगण्यावरून हलतो.

मग आपण काय करायचे?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा: आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीने हालचाल आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम. आपल्या गावात ते असे बसवता येईल:

• मारुतीच्या देवळापाशी वेळ ठरवा. भजनी मंडळ किंवा बचत गट यांपैकी जो आधीच जमतो, त्यालाच हाताशी धरा.
• मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने चालू नका. गावातला रस्ता किंवा शेताकडची वाट बरी. पावसाळ्यात सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा.
• चाल सर्वांत हळू माणसाची ठेवा. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढीच गती पुरे.
• खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून एका पायावर थोडे उभे राहा.
• कुणी दोन दिवस आले नाही, तर घरी जाऊन विचारा. माझ्या मते हा नियम सर्वांत महत्त्वाचा.

हृदयविकार असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल किंवा गुडघे फार दुखत असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, घरी आल्यावर तळपाय तपासा, खिशात साखर ठेवा. छातीत जडपणा, धाप किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. बरे वाटले नाही तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

१३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा पाचच माणसे होती. आज असे क्लब जगभर आहेत. तुमच्या आळीत पाच माणसे नक्की सापडतील. उद्या सकाळी शेजारच्या काकांच्या दारावर थाप मारा आणि त्यांना घेऊनच निघा.