नाव लक्षात राहिलं, सराव विसरलो

आजचा एपिसोड छोटा आहे, पण माझ्या घरातला आहे. माझ्या मावशीचा मुलगा 16 वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. दर रविवारी आम्ही गच्चीवर खडूने रेघ आखतो आणि तिच्यावरून चालतो. मध्येच मी म्हणतो, "लाल फळं सांग." तो थांबतो, तोल सावरतो, मग "डाळिंब, सफरचंद..."

परवा एक पाहुणे म्हणाले, "कशाला त्रास देता त्याला? ही मुलं अशीच असतात." जाम राग आला. म्हणून इतिहास वाचायला बसलो.

तर साल 1866. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात अर्ल्सवूड नावाची संस्था होती. तिथले डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी एक लेख लिहिला. चेहऱ्यांवरून त्यांनी मुलांना वंशांत वाटलं आणि या मुलांना 'मंगोल' म्हटलं. साफ चूक.

पण त्याच लेखात पुढे काय आहे बघा. या मुलांच्या हालचालींचा मेळ कमी असतो, पण तो खूप सुधारता येतो. पद्धतशीर शिकवलं तर हातात कसब येतं. जिभेच्या व्यायामाने बोलणं स्पष्ट होतं. हे 1866 मध्ये!

1868 मध्ये डाउन आणि त्यांची पत्नी मेरी यांनी टेडिंग्टनजवळ नॉर्मन्सफिल्ड ही स्वतःची संस्था काढली. 1879 मध्ये तिथे चक्क नाट्यगृह उभं राहिलं. स्टेजवर चालायचं, ऐकायचं, लक्षात ठेवायचं, सगळं एकदम.

जगाने मात्र फक्त नाव उचललं. आम्ही कोड लिहिणारे हे रोज बघतो: फंक्शनचं नाव चुकलं की आतलं काम कोणी वाचत नाही. 1959 मध्ये लेज्युन, गोतिए आणि तुरपॅं यांनी दाखवलं की कारण वंश नाही, 21 नंबरचं एक जादा गुणसूत्र आहे. तरी ते नाव जायला वेळ लागला. मंगोलियाने विनंती केल्यावर 1965 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडलं.

आज कारणंही कळलीत. स्नायू सैल, सांधे जास्त लवचिक, तोल सांभाळणारा लहान मेंदू आकाराने कमी. त्यामुळे नुसतं उभं राहण्यातच बरंचसं लक्ष खर्च होतं. तोल अंगवळणी पडला की तेच लक्ष विचार करायला मोकळं होतं. म्हणून रेघ आणि फळं एकत्र.

एक सांगतो, काही जणांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. कोलांट्या, उड्या डॉक्टरांना विचारूनच.

मागच्या रविवारी पठ्ठ्याने न थांबता पाच फळं सांगितली. मग मला म्हणाला, "दादा, आता तू." माझा पाय तिसऱ्याच फळाला रेघेबाहेर गेला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!