संगमावरचे गाव : काँद-सँ-मार्तँ

फ्रान्सच्या पश्चिम भागात व्हिएन नदी ल्वार नदीला मिळते. या संगमाच्या काठी, पाठीशी टेकडी घेऊन, काँद-सँ-मार्तँ हे जेमतेम दोनशे वस्तीचे गाव वसले आहे. ‘संगम’ या अर्थाच्या प्राचीन गॉल भाषेतील शब्दावरून त्याला ‘काँद’ हे नाव पडले. येथील घरे पांढऱ्या, मऊ चुनखडीच्या दगडाची आहेत. एकोणिसाव्या शतकात आगगाडी येईपर्यंत सपाट तळाच्या शिडांच्या होड्यांतून येथे मालाची ने-आण चाले.

गावाची कीर्ती मात्र एका मृत्यूशी निगडित आहे. शिपाई असताना थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारे संत मार्टिन पुढे तूर नगरीचे बिशप झाले. काँदचे चर्च त्यांनीच स्थापिले. इ. स. ३९७ मध्ये तेथील धर्मगुरूंत कलह माजला. आपला अंत जवळ आल्याचे जाणूनही वृद्ध मार्टिन समेटासाठी आले. समेट झाला, पण परतीच्या बेतात असतानाच ते आजारी पडले. लोकांना आपली गरज असेल, तर अजूनही श्रमाला नकार नाही, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे त्यांचे समकालीन चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस सांगतात. ८ नोव्हेंबर रोजी, राखेवर पडूनच, त्यांनी देह ठेवला.

आणि लगेच नवा कलह उभा राहिला! ‘ते आमचे मठवासी होते,’ असे प्वातिएकर म्हणू लागले. ‘ते आमचे बिशप,’ असे तूरकर. सहाव्या शतकातील इतिहासकार बिशप ग्रेगरी लिहितात, की मध्यरात्री प्वातिएकरांना झोप लागताच तूरकरांनी पार्थिव देह खिडकीतून बाहेर काढला, होडीत ठेवला आणि ल्वारच्या मार्गाने तूरला नेला. ११ नोव्हेंबरला तेथे दफनविधी झाला. तोच त्यांच्या सणाचा दिवस ठरला.

पुढे १५६२ मध्ये, धर्मयुद्धांच्या धुमाळीत, तूरमधील त्या पवित्र अवशेषांपैकी बहुतेक जाळून टाकण्यात आले. रात्रीच्या अंधारात मिळविलेले धन असे हातचे गेले.

काँदला देह लाभला नाही. तरीही बाराव्या-तेराव्या शतकांत गावाने संताच्या स्मरणार्थ भव्य चर्च उभारले. ते आजही उभे आहे. संतांच्या अवशेषांवरून, मूर्तींवरून, मानपानावरून भांडणाऱ्या आम्हां भाविकांना हे लहानसे गाव एवढीच आठवण देते, की मार्टिन येथे आले होते ते भांडण मिटविण्यासाठी.