चहा काळा कसा झाला?

माझ्या संशोधनाचा विषय एन्झाइम्स, म्हणजे विकरं. 'तू नेमकं करतेस काय?' असं घरी कुणी विचारलं, की मी चहापत्तीच्या डब्याकडे बोट दाखवते. पत्तीचा काळा रंग हे एका विकराचंच काम. पण हे उमगायला बराच काळ लागला.

युरोपात चहा पोचायचा तो वाळलेला. झाड पाहिलेले लोक थोडेच. त्यामुळे हिरवा आणि काळा चहा वेगवेगळ्या झाडांचा, असा समज होता. 1762 मध्ये खुद्द लिनियसने दोन जाती मांडल्या: 'थिया बोहिया' सहा पाकळ्यांची, 'थिया व्हिरिडिस' नऊ पाकळ्यांची. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून चीनमधल्या मळ्यांत हिंडला आणि 1847 च्या पुस्तकात त्याने सांगितलं, की एकाच झाडापासून दोन्ही चहा होतात. फरक झाडात नाही, कृतीत आहे.

ही कृती कशी असते? खुडलेली पानं आधी कोमेजू देतात, मग वळतात. वळताना पेशी फुटतात आणि पानातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर कामाला लागतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तसंच! हवेतला ऑक्सिजन घेऊन ते कॅटेचिन्सपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही रंगद्रव्यं तयार करतं. शेवटी गरम हवेत पानं वाळवली, की विकर थांबतं. ग्रीन टीसाठी पानं सुरुवातीलाच तापवतात, म्हणून ती हिरवी राहतात.

कारखान्यात या टप्प्याला आजही फर्मेंटेशन म्हणतात. त्यामुळे वाटतं, इडलीच्या पिठासारखे इथेही जंतूच काम करत असणार. पण नाही, करतं ते पानाचं स्वतःचं विकर. त्याचा चहाच्या प्रतीशी काय संबंध, यावर इंडियन टी असोसिएशनचे रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅन यांनी 1901 मध्ये लिहिलं. हेच मॅन पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पिंपळे सौदागर गावातली शेती, जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांचा अभ्यास त्यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केला. चहाचं पान असो की खेडं, आत जाऊन पाहायची सवय तीच. मला या माणसाचा हेवा वाटतो तो त्यासाठी.

आज एक कप कोरा चहा करा. त्यात लिंबाचे चार थेंब पिळा. रंग लगेच फिका पडेल. आम्लामुळे थिआरुबिजिनचा रंग बदलतो, तो असा. प्रयोग झाला, की पिऊन टाका!