चँडलरचा किराणा: निम्मी मंडई मेक्सिकन दुकानात



चँडलरला नव्याने आलेले कुटुंब सुरुवातीला सगळी खरेदी एकाच भारतीय दुकानात करते आणि महिनाअखेर बिले जुळवताना दचकते. एका पगारावर घर चालत असेल, एच-४ वर आलेल्या जोडीदाराला कामाची परवानगी नसेल, तर हा खर्च चांगलाच जाणवतो. मग कात्री लागते ती भाजीला. आमच्या मते ती तिथे लागू नये. भाजी इथे स्वस्त मिळते, फक्त दुकान बदलावे लागते.

कारण भूगोलाचे आहे. मेक्सिकोच्या सीमेवरचे नोगालेस इथून गाडीने साधारण अडीच तासांवर. हिवाळ्यात सिनालोआ आणि सोनोराकडचे टोमॅटो, काकड्या, वांगी, ढोबळी मिरची, फरसबी याच नाक्यातून अमेरिकेत शिरतात. त्यामुळे फूड सिटीसारख्या मेक्सिकन वळणाच्या दुकानात कोथिंबीर, मिरच्या, लिंबे बहुधा भारतीय दुकानापेक्षा स्वस्त आणि ताजी असतात. पाटी स्पॅनिशमध्ये असते म्हणून आपण पुढे जातो, एवढेच. 'वेर्दोलागास' म्हणजे आपली घोळ! मुगाची डाळ घालून करून बघा. 'कामोते' म्हणजे रताळी (एकादशीची सोय झाली), 'ग्वायाबा' पेरू, 'तामारिंदो' चिंच. 'पिलोन्सियो' हा शंकूच्या आकाराचा उसाचा गूळच. जरा टणक असतो, पण किसून घेतला की पुरणपोळीत कुणाला कळतही नाही.

दुधी, कारली, अळकुड्या यांसाठी वॉर्नर आणि डॉबसन रस्त्यांच्या चौकातले ली ली बरे. डाळी, पोहे, ज्वारीचे पीठ मात्र भारतीय दुकानातूनच घ्यावे. तिथे दुसरीकडे शोधण्यात पेट्रोल जाते. भाव नेहमी पौंडावर काढा. फळीवरच्या चिठ्ठीवर एका डाळीचा भाव औंसाचा आणि शेजारच्या डाळीचा पौंडाचा असू शकतो, आणि १६ औंसांचा एक पौंड हे गर्दीत लक्षात राहत नाही. तुरीची ४ पौंडांची पिशवी म्हणजे १.८ किलो, साधारण ९ कप. चौघांच्या वरणाला पाऊण कप धरला तर १२ वेळा पुरते. हा हिशोब एकदा केला की किती मोठी पिशवी घ्यायची ते ठरते.

मोठी पिशवी नेहमीच स्वस्त पडते असे नाही, हे या गावात विशेष खरे. उन्हाळ्यात पारा ११० अंश फॅरनहाइटच्या वर जातो आणि गराज त्याहून तापते. तिथे ठेवलेली कणीक, शेंगदाणे, तेल लवकर खवट होते. दोघांच्या घरात मे महिन्यात २० पौंड कणीक आणू नये. आणलीच तर अर्धी फ्रीझरमध्ये. साठेबाजीचे तसेच. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीसाठी झुंबड उडाली. बासमतीवर ती बंदी नव्हती, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठलीही. तेवढे दिवस थाई जस्मिनवर आमटी-भात छान निभला असता.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नाही. नोगालेसची बॉर्डरलँड्स ही संस्था विक्रीत न खपलेली, पण खाण्याजोगी भाजी फेकली जाऊ नये म्हणून फिनिक्स परिसरात आणते. अलीकडच्या हंगामांत १५ डॉलरच्या आसपास देणगी देऊन ७० पौंडांपर्यंत भाजी नेता येत असे. काय येईल ते आपल्या हातात नसते. कधी नुसते टोमॅटो आणि भोपळ्याचे प्रकार. एकट्या घराला हे झेपत नाही, निम्मे सडते. तीन-चार घरांनी मिळून जावे, तिथल्या तिथे वाटून घ्यावे आणि उरलेल्या टोमॅटोंचे सार करून फ्रीझ करावे. खोकी आपली न्यावीत. वाटप हिवाळी हंगामात, बहुधा शनिवारी सकाळी असते. तारखा आणि ठिकाणे संस्थेच्या संकेतस्थळावर आधी बघून निघा.