७४ टक्क्यांची गोष्ट

आजचा भाग कोरोनावर आहे, पण घाबरू नका, लॉकडाऊनच्या आठवणी उगाळणार नाहीये. एका आकड्याची गोष्ट सांगायचीय.

ऑगस्ट २०२१. आजीच्या दुसऱ्या डोसची तारीख जवळ आली होती आणि घरच्या ग्रुपवर काकांनी बातमी टाकली: अमेरिकेतल्या एका गावात कोरोना झालेल्यांपैकी ७४ टक्के लोकांनी लस पूर्ण घेतलेली होती. आजी म्हणाली, "मग कशाला टोचून घ्यायचं?" विषय संपला.

बातमी खोटी नव्हती, हीच तर पंचाईत.

गाव प्रोव्हिन्सटाउन. मॅसॅच्युसेट्स राज्यात, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर. जुलैमध्ये तिथे पर्यटकांची झुंबड उडते. बार, पार्ट्या, भाड्याची घरं, सगळं खच्चून भरलेलं. त्यात आला डेल्टा, जो आधी आपल्याकडे सापडला होता. तिथून परतलेले लोक एकमेकांना विचारू लागले, "तुलाही ताप? पण तू तर लस घेतलीयस ना?" त्यांनी स्वतःहून तपासण्या केल्या, माहिती गोळा केली, आरोग्य खात्याला दिली. (हे मला फार आवडतं. लपवालपवी नाही.) ३० जुलैला अमेरिकेच्या सीडीसीने अहवाल छापला. राज्यातले ४६९ रुग्ण, त्यातले ३४६ पूर्ण लसवंत. म्हणजे ७४ टक्के. दवाखान्यात दाखल झाले पाच, त्यातही चौघांनी लस घेतलेली. मृत्यू शून्य. हा शून्य काकांच्या फॉरवर्डमध्ये नव्हता.

पण लोक इतके चिडले का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. मार्चअखेरीस सीडीसीच्या प्रमुख रोशेल वालेन्स्की टीव्हीवर म्हणाल्या होत्या की लस घेतलेल्यांकडे विषाणू नसतो. दोन-चार दिवसांत संस्थेलाच ते वाक्य सौम्य करावं लागलं. १ मेपासून सीडीसीने लसवंतांमधल्या सौम्य संसर्गाची देशपातळीवरची मोजणी थांबवली, फक्त दाखल होणारे आणि दगावणारे मोजले. १३ मेला सांगितलं, लस घेतली ना, मास्क काढा. २१ जुलैला खुद्द बायडेन म्हणाले, लस घेतली की कोविड होणार नाही. आणि २७ जुलैला? जिथे संसर्ग जास्त आहे तिथे लसवंतांनीही दुकानांसारख्या बंदिस्त सार्वजनिक जागी मास्क लावा!

माझं मत विचाराल तर घोळ जुलैत नाही, मार्च-मेमध्येच झाला. "लस जीव वाचवेल, सर्दी-ताप कदाचित येईल" एवढं आधी सांगितलं असतं तर ७४ ऐकून कुणी दचकलं नसतं.

मी आजीपुढे ताटात शंभर शेंगदाणे मांडले. समजा, नव्वद जणांनी लस घेतली, दहांनी नाही. बिनलसवाल्यांतले निम्मे आजारी पडले, म्हणजे पाच. लसवाल्यांतला सहातला एकच, म्हणजे पंधरा. आता आजारी वीस, त्यात लसवाले पंधरा. पंच्याहत्तर टक्के! आकडे माझ्या मनातले, प्रोव्हिन्सटाउनचे नव्हेत, पण लस काम करत असतानाही असं दिसू शकतं.

आजीने दाणे दोनदा मोजले.

"मग हे त्यांनी आधीच का नाही सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसरा डोस तिने सप्टेंबरात घेतला, एका हाताने पदर सावरत, आणि रात्री ताप आला म्हणून मलाच दोन शिव्या घातल्या.