चार उत्तरांतील एक

इ. स. १९१३ मध्ये अमेरिकेतील डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट या अभ्यासकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासावयास पाठविली. तिला कोणी शंभरांपैकी तीसदेखील गुण दिले नाहीत, कोणी नव्वदांच्या वर दिले. निबंधाच्या बाबतीत असे घडते तर नवल नव्हते. येथे विषय भूमितीचा होता! विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, हे त्याच्या ज्ञानापेक्षा उत्तरपत्रिका कोणाच्या हाती पडली यावर अवलंबून होते.

शिक्षकांच्या गुणदानातील ही तफावत फ्रेडरिक केली यांच्या १९१४ मधील प्रबंधाचाही विषय होती. पुढील वर्षी कॅन्सस राज्यात त्यांनी मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. बहुपर्यायी प्रश्नाचे जनकत्व बहुधा तिलाच दिले जाते. तीत गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा अशी चार नावे देऊन शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ ओढावयास सांगितले होते. प्रश्नाचा अर्थ एकच निघावा, आणि उत्तर पूर्णपणे बरोबर वा पूर्णपणे चूक असावे, ही केलींची अट. प्रश्न बाळबोध वाटतो खरा. परंतु मुलाला वाचलेले समजले की नाही एवढेच पाहावयाचे असल्याने तो अगदीच गैर म्हणता येणार नाही.

दोनच वर्षांनी अमेरिका महायुद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिमापन चाचणी झाली. तीत एका प्रश्नात क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असे विचारले होते. क्रिस्को हे तेथील बाजारातील वनस्पती तुपाचे नाव. इटली वा पोलंडमधून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने ते कोठून ऐकावे? प्रश्नाला उत्तर एकच होते, अर्थही एकच होता. केलींची अट पुरी झाली होती. तथापि मापली गेली ती बुद्धी नव्हे, अमेरिकेतील जाहिरातींची ओळख. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये काही युरोपीय वंशांना हीन ठरविले. १९३० मध्ये त्यांनी ते निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले, परंतु दरम्यान, १९२४ मध्ये, त्या देशांतील लोकांच्या प्रवेशावर कडक निर्बंध घालणारा कायदा होऊन गेला होता.

१९३८ मध्ये पेन्सिलीच्या खुणांतून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजून गुण देणारे यंत्रही बाजारात आले. तपासनिसाचा लहरीपणा गेला. प्रश्न रचणाऱ्याची जबाबदारी मात्र होती तेथेच राहिली.

भारतात हा विचार बेंजामिन ब्लूम यांच्यामुळे विशेष फैलावला. १९५७-५८ मध्ये त्यांनी येथे शिक्षकांची शिबिरे घेतली. केवळ पाठांतर नव्हे, तर आकलन, उपयोजन व विश्लेषण यांचीही परीक्षा व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्या दृष्टीने आपल्याकडील नेहमीचाच एक प्रश्न पाहावा. अब्दालीशी पानिपतची लढाई कोणत्या वर्षी झाली? त्यासोबत १२००, १७६१, १९२० आणि १९४७ ही वर्षे दिली तर इतिहास न वाचलेला मुलगाही अचूक खूण करील. त्याऐवजी १५२६, १५५६, १७६१ आणि १८०३ देऊन पाहावीत. पहिल्या दोन वर्षी पानिपतावरच लढाया झाल्या, तर १८०३ मध्ये मराठे इंग्रजांशी लढले. १५५६ वर खूण करणाऱ्याला स्थळ ठाऊक आहे, परंतु लढणारे कोण ते ठाऊक नाही. १८०३ निवडणाऱ्याला मराठे आठवतात, अब्दाली आठवत नाही. उद्या वर्गात कोणाला काय पुन्हा शिकवावयाचे, ते शिक्षकाला या चुकलेल्या खुणांवरूनच कळते.