मोटारीतला कोनाडा

जुन्या वाड्यांच्या भिंतींना कोनाडे असत. आमच्या आजीच्या लहानपणी त्यांत पणती तेवत असे. पणती गेली आणि तेथे काचेच्या चिमणीचा दिवा आला. वीज आल्यावर कोनाडा काही दिवस ओकाबोका राहिला. पुढे त्यात ट्रान्झिस्टर जाऊन बसला, आणि आज पाहावे तर तेथे मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. भिंत तीच, कोनाडा तोच. आतले दैवत मात्र पिढीगणिक बदलत गेले. वाडा बांधणाऱ्या गवंड्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने फक्त भिंतीत एक मोकळी जागा ठेवली होती.

मोटारीलाही असा एक कोनाडा असतो. चालकाच्या समोर जो डॅशबोर्ड असतो, त्याच्या मध्यावर १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, म्हणजे सुमारे सात इंच बाय दोन इंच, अशी ही चौकोनी खिडकी. जर्मनीतील मानके ठरविणाऱ्या मंडळींनी हे माप कागदावर पक्के केले आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. पण त्याआधीच्या मोटारींतला कोनाडाही आकाराने जवळपास तेवढाच असे. या इवल्याशा भोकाचा इतिहास सांगायला बसलो आहे, हे ऐकून वाचक हसतील. हसावे, दिवाळीच आहे. परंतु एखादी जुनी, देखणी, वेगवान मोटार आजच्या रस्त्यांवर चालवायची म्हटले, की सारी अडचण आणि सारी सोय या भोकापाशी येऊन ठेपते.

आरंभी त्यात रेडिओ आला, आणि तोसुद्धा सहजासहजी आला नाही. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन याने १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ विक्रीस काढला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे ते नाव कंपनीलाच चिकटले. जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टचा मोटार-रेडिओ निघाला. तो इतका अवजड, की चालकाच्या पुढ्यात मावेचना. पेटी दुसरीकडे ठेवावयाची आणि तिची कळ सुकाणूच्या दांड्यावर बसवावयाची, असा प्रकार. किंमत मोटारीच्या सुमारे एक तृतीयांश! पुढे बेकर कंपनीने १९५३ साली 'मेक्सिको' नावाचा रेडिओ काढला; तो आपले स्टेशन आपणच हुडकून काढी. मग ट्रान्झिस्टर आले, यंत्र आक्रसले आणि कोनाड्यात नीट मावू लागले. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्श कंपनीने आपली नवी मोटार मांडली, तेव्हा मोटारीत रेडिओ असणे ही श्रीमंतीची असली तरी नवलाची गोष्ट उरली नव्हती. त्या मोटारीचे नाव होते ९०१. मधे शून्य असलेले तीन आकडी नाव आमचे आहे, अशी हरकत पूजो या फ्रेंच कंपनीने घेतली, म्हणून ते ९११ झाले. या ९११ भोवतीच आपली पुढची गोष्ट फिरणार आहे.

रेडिओ गातो, बोलतो. पण वाट सांगत नाही. मोटारीने वाट सांगावी ही हौस मात्र फार जुनी. अमेरिकेतील जे. डब्ल्यू. जोन्स नावाच्या गृहस्थाने १९०९ साली 'जिवंत नकाशा' म्हणून एक युक्ती काढली. ध्वनिमुद्रिकेसारखी एक तबकडी; तिच्या कडेने वळणे आणि खुणा छापलेल्या; मोटारीच्या चाकाशी जोडलेली तार ती तबकडी हळूहळू फिरवी आणि काट्यासमोर येईल ती सूचना पाळावयाची. प्रवासी वाटेत चहा प्यायला आडवाटेस लागला, की तबकडीचे गणित बिघडलेच!

यानंतर सत्तर वर्षे या बाबतीत सांगण्यासारखे थोडेच घडले. १९८१ साली जपानात होंडाने हेलियम वायूच्या झोतावर चालणारे दिशामापक यंत्र मोटारीत बसविले. पडद्यावर पारदर्शक नकाशा सरकवायचा आणि त्यामागे एक प्रकाशबिंदू सरकताना पाहावयाचा. नकाशाची कड आली की नवा नकाशा घालावयाचा.

खरी गोष्ट सुरू होते ती १९८३ मध्ये, आणि तीही समुद्रावर. अटारी या खेळांच्या कंपनीचा संस्थापक नोलन बुशनेल याची 'चार्ली' नावाची शिडाची नौका त्या वर्षी कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांच्या शर्यतीत उतरली. नौकेचा मार्गदर्शक होता स्टॅन हनी नावाचा तरुण इंजिनीयर. नौका सर्वांच्या आधी पोहोचली. समुद्रावर जे साधते ते रस्त्यावर का साधू नये, असे हनीच्या मनात घोळत होते. बुशनेलने भांडवल पुरविले, आणि १९८५ साली 'ईटॅक' नावाचे यंत्र बाजारात आले. किंमत सुमारे दीड हजार डॉलर.

या यंत्राला उपग्रहांची मदत मुळीच नव्हती. मग ते चाले कसे? मोटारीच्या दोन चाकांवर फेरे मोजणारी सोय केलेली. डावे चाक जास्त फिरले की मोटार उजवीकडे वळली, हे उघड आहे. जोडीला एक होकायंत्र. एवढ्यावर अंदाज बांधत गेले, तर दर मैलाला थोडी थोडी चूक साचत जाते आणि शेवटी यंत्र मोटारीला कोणाच्या तरी परसात नेऊन उभी करते. येथे हनीच्या मंडळींनी मोठी शहाणपणाची गोष्ट केली. मोटार काही शेतातून चालत नाही, ती रस्त्यावरूनच चालते. तेव्हा ती वळली, म्हणजे तेथे चौक असलाच पाहिजे! जवळचा चौक नकाशात शोधायचा आणि साचलेली चूक तेथल्या तेथे पुसून टाकायची. म्हणजे नकाशा हा नुसता पाहण्याचा उरला नाही, तो चूक दुरुस्त करणारा पंतोजी झाला. त्यासाठी नकाशा मात्र चोख हवा. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने रस्ते आणि घरक्रमांक यांची यंत्राला समजेल अशी मांडणी आधीच केलेली होती. ते काम केलेला मार्विन व्हाइट हा गणिती हनीला येऊन मिळाला. हे नकाशे साठविले होते ध्वनिफितींवर, गाण्यांच्या कॅसेटसारख्या कॅसेटवर! मोठ्या शहरासाठी एक कॅसेट पुरेना.

ईटॅक हा शब्द इंग्रजी नव्हे. पॅसिफिक महासागरातील कॅरोलाइन बेटांवरचे नावाडी नकाशा किंवा होकायंत्र न वापरता शेकडो मैल जात, तेव्हा मनात एक कल्पना धरीत: आपली होडी जागच्या जागी उभी आहे आणि बेटे ताऱ्यांखालून मागे सरकत आहेत. या रीतीचे नाव ईटॅक. हनीच्या पडद्यावरही हेच दिसे. मोटारीची खूण मध्यभागी स्थिर, आणि हिरव्या रेघांचे सारे शहर तिच्याभोवती फिरते आहे. आज आपल्या मोबाइलवर आपण जे पाहतो, ते हेच.

१९८३ हेच वर्ष आणखी एका, आणि फार दुःखद, कारणाने या इतिहासात येते. १ सप्टेंबरला कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले की अमेरिकन सैन्यासाठी उभी राहत असलेली उपग्रहांची मार्गदर्शन यंत्रणा, म्हणजे जी.पी.एस., पुरी झाली की नागरिकांनाही खुली होईल. ती खुली झाली खरी, पण हातचे राखून. सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम सुमारे शंभर मीटरपर्यंतची चूक मिसळलेली असे. १९९० साली जपानच्या माझ्दा कंपनीच्या एका मोटारीत ही सोय कारखान्यातूनच बसवून आली. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने ती मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि एका रात्रीत जगातली सारी यंत्रे शहाणी झाली.

आता आपल्या ९११ कडे वळू. १९९७ साली तिची अगदी नवी पिढी आली. तिला ९९६ म्हणतात. हवेऐवजी पाण्याने थंड होणारे इंजिन हा तिच्यावरून झालेला मोठा गहजब. त्यात दुसरी एक गोष्ट झाकली गेली. रेडिओ, दूरध्वनी आणि मार्गदर्शन ही तिन्ही कामे एका पेटीत घालून ती पेटी पोर्शने कोनाड्यात बसविली. कोनाडा आता दुप्पट उंचीचा झाला. त्या वेळच्या मालकाला केवढा अभिमान वाटला असेल!

आणि येथेच घोडे पेंड खाते. इंजिनाला तेल द्या, पट्टे बदला, ते पंचवीस वर्षे चालते. कातडी बैठकीला डाग पडतो, तोही शोभतो. पण वाटेची माहिती शिळी होते, आणि शिळ्या माहितीला कसलीच शोभा नाही. १९९८ साली छापलेली नकाशाची तबकडी घ्या. १ जुलै २००० रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि स्वीडनचे मालमो यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल खुला झाला. त्या तबकडीच्या लेखी मोटार समुद्रात शिरली आहे. २००४ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये मियोचा उत्तुंग पूल झाला. तबकडीच्या लेखी मोटार दरीवर तरंगते आहे. चालक मुकाट्याने पुलावरून जातो आणि यंत्र त्याला कळवळून सांगत राहते, मागे फिरा!

दुसरे दुखणे कालगणनेचे. जी.पी.एस.चे उपग्रह आठवडे मोजतात, आणि जुन्या पद्धतीत ही मोजदाद १,०२४ आठवड्यांवर जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू होते. साडेएकोणीस वर्षांचे ते एक युगच. १९८० च्या जानेवारीत सुरू झालेले पहिले युग ऑगस्ट १९९९ मध्ये संपले, दुसरे एप्रिल २०१९ मध्ये. ज्या यंत्रांना याची कल्पना दिलेली नव्हती, ती वीस वर्षे मागे गेली. २०२२ च्या नववर्षदिनी होंडाच्या कित्येक मोटारींच्या घड्याळांनी साल २००२ दाखवावयास सुरुवात केली, आणि ती घड्याळे त्या वर्षीच्या ऑगस्टात आपली आपण शुद्धीवर आली! माणसाला तारुण्य परत मिळण्याची इच्छा असते. ती घड्याळांनी पुरी करून घेतली.

मग जुने यंत्र काढून नवे का बसवू नये? साध्या कोनाड्याच्या काळात हे सोपे होते. पण २००१ साली बी.एम.डब्ल्यू.च्या सातव्या मालिकेत 'मोस्ट' नावाची रचना आली आणि लवकरच ती पोर्शमध्येही शिरली. रेडिओ, ध्वनिवर्धक, दूरध्वनी, सारी यंत्रे प्रकाशवाहक धाग्याच्या एका कड्यात हात धरून उभी. प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे फेर धरीत जातो. फुगडीच्या फेरातून एखादीने हात सोडला की फेर मोडतो, तसेच हे. एक यंत्र काढले की बाकीची सारी मुकी होतात. बाजारात मिळणारे कोणतेही यंत्र आणून घुसवावे, तर ते या फेराची भाषा बोलत नाही.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला विरोधाभास हाच आहे. १९६० च्या दशकातल्या मोटारीला नवे ज्ञान देणे सोपे, आणि २००५ सालच्या मोटारीला अवघड. पहिलीत मोकळी जागा ठेवलेली होती. दुसरीत जागा सोडून सारे काही होते.

२०२० च्या एप्रिलमध्ये पोर्शच्या जुन्या मोटारींच्या विभागाने यावर स्वतःच उत्तर काढले. एक यंत्र १९९८ पर्यंतच्या, हवेने थंड होणाऱ्या मोटारींसाठी, एका कोनाड्यात मावणारे: दोन बाजूंस दोन गोल कळा, मधे साडेतीन इंची पडदा, लांबून पाहिले तर जुना रेडिओच वाटावा. दुसरे ९९६ आणि तिच्या धाकट्या बहिणीसाठी, सात इंची पडद्याचे, दोन कोनाडे व्यापणारे. मोटारीतले मूळचे कर्णे, ध्वनिवर्धक, आकाशतार तशीच ठेवून ते जागी बसते. फेर मोडत नाही. नकाशा येतो एका नखाएवढ्या कार्डावर. किंमत दीड हजार युरोंच्या आसपास, म्हणजे तोंडात बोट घालण्याइतकी. काही शुद्धिवाद्यांनी नाके मुरडली. त्यांचे एक म्हणणे मला पटते: जुन्या मोटारीत बसावयाचे ते विसाव्या शतकात बसण्यासाठी, तेथेही चकाकता पडदा कशाला? पण मोटार ही रस्त्यावरून जाण्यासाठी असते, काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक पटते.

शिवाय नव्या यंत्राची एक गंमत आहे. चालकाचा मोबाइल त्याला जोडला, की मोबाइलचा पडदा मोटारीच्या पडद्यावर उमटतो. ही सोय २०१४ पासून मोटारींत येऊ लागली. म्हणजे वाटेचे ज्ञान आता मोटारीत साठवावयाचेच नाही. ते खिशात येते आणि खिशाबरोबर जाते. मोटारीने फक्त आरसा धरावयाचा. जोन्सच्या तबकडीपासून जे ज्ञान मोटारीच्या गळ्यात बांधले होते, ते शंभर वर्षांनी सुटले.

आज निघणाऱ्या कित्येक मोटारींत कोनाडा नाहीच. दारापासून दारापर्यंत एकसंध काच. गाणे तिच्यात, वारा तिच्यात, कधी कधी गतिमापकसुद्धा तिच्यात. आणखी तीस वर्षांनी त्या काचेच्या जागी काय बसवणार, याचे उत्तर आजच्या कारखानदारांनी दिलेले नाही.

९११ चे जाणते मालक मात्र एक काळजी घेतात. मूळचा रेडिओ काढला की तो टाकून देत नाहीत; फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवतात, कारण विकताना त्याला मोल येते. आणि तो परत बसविणे अवघड नाही. मानकाच्या कोनाड्यातील यंत्राला दोन्ही बाजूंस बारीक भोके असतात. त्यांत तारेच्या दोन चाव्या सारल्या, की नवे यंत्र कपाटाच्या खणासारखे हलकेच बाहेर येते, आणि जुना रेडिओ आत जातो.